सुपरमॅनचा दुसरा भाग

यंदाच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाचा सिनेमा पडला. सिनेमा पडणे म्हणजे काय, हे वाचून कळत नाही. मंडपात तीनशे माणसे बसलेली आहेत, आपणच माईकवरून 'फार छान झाला आहे, शेवटपर्यंत बसा' असे सांगितले आहे, आणि अर्ध्यातच मागच्या रांगेतले लोक अंधारात चपला चाचपू लागले आहेत, हे ज्याने पाहिले त्यालाच ते कळते. आमच्या बेगम महिला मंडळात बसल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी चहा टाकला आणि एवढेच म्हटले, "पहिला चांगला होता."

बारा मिनिटांच्या शाळकरी सिनेमावर आख्खे पान खर्च करण्याचे कारण असे, की मागच्या वर्षी याच पानावर आम्ही पहिल्या भागाची भरपूर फुशारकी मारली होती. काही वाचकांनी 'दुसरा भाग कधी?' असे प्रेमाने विचारलेही होते. फुशारकी मारायला पान वापरले, तर हिशेब द्यायलाही तेच पान वापरले पाहिजे. आणि हा हिशेब नुसता सिनेमाचा नाही.

नव्या वाचकांसाठी आधी थोडे मागचे सांगतो. आमचे कोहमारा म्हणजे नागपूर-रायपूर महामार्गावरचा एक चौक. गोंदियाहून येणारा रस्ता इथे महामार्गाला मिळतो आणि पुढे नवेगावबांधकडे जातो. ट्रक, ढाबे, धानाची शेती आणि पलीकडे जंगल. या चौकाला सुपरमॅनची गरज आहे असे आठवीच्या पोरांना वाटले आणि एका मोबाइलवर त्यांनी 'कोहमाऱ्याचा सुपरमॅन' काढला. एकूण खर्च ३४० रुपये, त्यातले दोनशे समोशांचे.

सुपरमॅन झाला होता चौकातल्या पंक्चर दुकानदाराचा मुलगा. अंगाने काडी, आवाज मात्र खणखणीत. पाठीवर बहिणीची लाल ओढणी. उडायचे कसे, तर त्याला बंडीच्या पुढच्या टोकावर पालथा झोपवला आणि कॅमेरा खालून धरला. दोनदा बैलाचे शिंग मध्ये आले. पोरांनी ते कापले नाही. "आकाशात बैल कुठून आला?" असे एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने "पोळ्याला सुटला होता, अजून सापडला नाही," असे सांगायचे, हा संवाद त्यांनी जागेवर घातला.

तर उडता उडता सुपरमॅनच्या ओढणीला बाभळीचा काटा लागतो, शक्ती फुस्स होते आणि तो धानाच्या पुंजण्यावर आपटतो. मग लंगडत चौकात येतो, थेट वडिलांच्या दुकानात. दुकानदाराचे काम खुद्द वडिलांनीच केले होते. चेहऱ्यावरची रेघ हलू न देता त्यांनी ती ओढणी पाण्याच्या टबात बुडवली, बुडबुडे पाहिले, खडूने खूण केली, घासले, सोल्युशन लावले, चिकटपट्टी ठोकली. मग पंप हातात घेऊन विचारले, "हवा किती भरू?" सुपरमॅन म्हणाला, "गोंदियापर्यंत जायचं आहे." "मग तीस भरतो." पैशाची गोष्ट निघाली तेव्हा सुपरमॅनने सांगितले की आपल्या पोशाखाला खिसा नसतो. वडिलांनी खडू उचलला आणि दुकानाच्या भिंतीवर लिहिले: सुपरमॅन, २० रुपये बाकी.

मंडप हसून लोळला. लोकांनी तो तुकडा पुन्हा लावायला लावला. आणि भिंतीवरची ती ओळ तशीच राहिली. वर्षभर चौकात हवा भरायला थांबणारे लोक ती वाचून हसायचे. रायपूरकडचे ट्रकवालेसुद्धा विचारायचे, "सुपरमॅनने पैसे दिये क्या?"

ही कल्पना पोरांना कुठून सुचली, हे आम्हाला ठाऊक होते, कारण ती आम्हीच पेरली होती. वर्गात एकदा आम्ही मालेगावची गोष्ट सांगितली होती. ज्यांना ती माहीत नाही त्यांनी जरूर ऐकावी.

नाशिक जिल्ह्यातले मालेगाव म्हणजे यंत्रमागांचे शहर. आठवडाभर माग खडखडतात आणि जुम्याच्या सुटीत कामगार सिनेमाला जातो. तिथे शेख नासिर नावाचा एक तरुण व्हिडिओ पार्लर चालवायचा आणि लग्नाचे चित्रीकरण करायचा. सन २०००च्या सुमारास त्याने गावातलीच माणसे घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. डाकूंना घोडे परवडत नव्हते, म्हणून डाकू सायकलींवर आले. गाव वेडे झाले. मग एकामागून एक 'मालेगाव के' सिनेमे निघू लागले आणि अखेरीस नासिरने ठरवले की आता सुपरमॅन उडवायचा.

सुपरमॅन झाला शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, अगदी किरकोळ बांध्याचा तरुण. सुपरमॅन म्हटल्यावर जी छाती डोळ्यांपुढे येते, तिच्या अगदी उलट. त्याच्या चड्डीचा नाडा बाहेर लोंबत असे. गावातली घाण आणि धूर यांनी त्या सुपरमॅनला दम लागायचा, आणि खलनायकाचे प्रेम होते ते घाणीवरच. हिरव्या कापडापुढे शफीकला आडवे धरून उडवले गेले. कॅमेरा एकदा पाण्यात पडला आणि काम थांबले. चित्रीकरणाच्या दिवसांतच शफीकचे लग्नही झाले. हे सगळे फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपले. तो २००८ साली तयार झाला, देशोदेशी दाखवला गेला आणि २९ जून २०१२ रोजी आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला. शफीक तोवर राहिला नव्हता. सप्टेंबर २०११मध्ये तोंडाच्या कॅन्सरने तो गेला.

आम्ही वर्गात ही गोष्ट सांगतो तेव्हा इथे नेहमी शांतता पसरते. मग आम्ही एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्या काळात वर्तमानपत्रांत मालेगावचे नाव आले की ते दंगलीमुळे किंवा २००६ आणि २००८च्या स्फोटांमुळे यायचे. त्याच गावातली माणसे त्याच वर्षांत एका हडकुळ्या मजुराला सुपरमॅन करून हसत होती. कोणावर? स्वतःच्या गटारांवर, स्वतःच्या दम्यावर, स्वतःच्या रिकाम्या खिशावर. नाडा लोंबणाऱ्या सुपरमॅनला पाहून मालेगावचा कामगार हसला, तो 'हा आपल्यातलाच आहे' म्हणून हसला. आमच्या चौकात खडूने उधारी लिहिली गेली तेव्हाचे हसणे अगदी त्याच जातीचे होते.

मग आला दुसऱ्या भागाचा मोह.

याला निमित्तही मालेगावचेच झाले. नासिर आणि त्याच्या मित्रांच्या गोष्टीवर रीमा कागती यांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा मोठा सिनेमा काढला. आदर्श गौरव नासिर झाला, शशांक अरोरा शफीक आणि विनीत कुमार सिंह लेखक फरोग. टोरंटोच्या महोत्सवात तो २०२४ साली दाखवला गेला, २८ फेब्रुवारी २०२५ला चित्रपटगृहांत आला आणि एप्रिलमध्ये घरच्या पडद्यावर. उन्हाळ्याच्या सुटीत पोरांनी तो आमच्याच घरी दाटीवाटीने बसून पाहिला. सिनेमा संपला तेव्हा निम्म्या पोरांचे डोळे ओले होते आणि उरलेल्या निम्म्यांनी विचारले, "सर, आपला पार्ट टू?"

आम्ही 'हो' म्हणालो. तिथेच थांबून जरा विचार करायला हवा होता, कारण दुसऱ्या भागांचा इतिहास काही आम्हाला नवा नव्हता.

मोठ्या सुपरमॅनचेच पाहा. ख्रिस्तोफर रीव्हचा पहिला सुपरमॅन १९७८चा. त्यानंतर दुसरा, तिसरा आणि १९८७ साली चौथा आला. चौथ्याच्या वेळी निर्मात्यांनी ठरलेला खर्च निम्म्याहून खाली आणला. ३६ दशलक्ष डॉलरचे १७ झाले. न्यूयॉर्कची दृश्ये इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स या गावात उरकली आणि उडण्याचा एकच तुकडा सिनेमाभर पुन्हा पुन्हा वापरला. लोकांनी हुर्यो केली. आता गंमत बघा, मालेगावच्या सुपरमॅनजवळ तर त्यांच्या चहापाण्याएवढेही पैसे नव्हते. उडणे त्यांचेही खोटे दिसत होते. मग एकाला लोकांनी डोक्यावर घेतले आणि दुसऱ्याची टिंगल का केली? आमच्या मते कारण साधे आहे. मालेगावने आपली गरिबी लपवली नाही, तिलाच गोष्ट केली. चौथ्या सुपरमॅनने ती लपवायचा प्रयत्न केला आणि प्रेक्षकांना ती दिसणार नाही असे धरून चालला. प्रेक्षक उणीव माफ करतो, आपल्याला वेडा समजलेले माफ करत नाही.

आपल्या मराठीतले उदाहरण घ्या. महेश कोठारेंचा 'झपाटलेला' १९९३चा. रामदास पाध्यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि समोर घाबरणारा लक्ष्या. आमच्या घरी तो अजूनही लागला की थोरली अभ्यास सोडून येते. वीस वर्षांनी, २०१३मध्ये दुसरा भाग आला, तोही थ्रीडी. बाहुला होता, आवाज होता, चष्मे घालून पाहायची करामत होती. लक्ष्मीकांत बेर्डे मात्र २००४ सालीच आपल्यातून गेले होते. आम्ही चष्मा लावून बसलो आणि अर्ध्या तासात लक्षात आले की आपल्याला कधी बाहुल्याची भीती वाटतच नव्हती, लक्ष्या घाबरायचा म्हणून मजा यायची. वस्तू सगळ्या जागेवर होत्या, माणूस नव्हता. बनवणाऱ्यांनी मेहनत कमी केली असे आम्ही म्हणणार नाही. पण गेलेल्या माणसाची जागा तंत्र भरून काढू शकत नाही.

हे सगळे आम्ही वर्गात शिकवू शकलो असतो. चांगला तास झाला असता. प्रत्यक्षात आम्ही काय केले ते आता सांगतो.

दुसऱ्या भागाची बातमी गावभर झाली तशी गावातले एक ठेकेदार शाळेत आले. सज्जन गृहस्थ, शाळेच्या कंपाउंडलाही त्यांनी मदत केली आहे. म्हणाले, "पोरं एवढं चांगलं करतात, यंदा नीट करू. खर्च माझा." अकरा हजार रुपये त्यांनी टेबलावर ठेवले. त्यांचा मुलगा त्याच वर्गात. त्यांनी तोंडाने काही अट घातली नाही. अट आम्हीच समजून घेतली. लोक मागत नाहीत ते आपणच पुढे होऊन द्यायचे, ही मास्तरकीतली जुनी सवय आहे.

आम्ही पंक्चरवाल्यांच्या मुलाला बोलावून सांगितले, "हे बघ, यंदा तुझा आवाज फुटतो आहे, उंचीही वाढली. यंदा तू पडद्यामागे सांभाळ. तुझ्यासारखा भरवशाचा मुलगा तिथे हवा." तो म्हणाला, "चालते सर." आवाज खरोखरच फुटला होता. त्यामुळे आम्हाला आपले कारण खरे वाटले. खोटे कारण पूर्ण खोटे क्वचितच असते, त्यात पावशेर खरे असते म्हणूनच ते गळी उतरते.

मग पैसे बोलू लागले. सुपरमॅनचा पोशाख ऑनलाइन आला, छातीवर कापसाचे स्नायू शिवलेला. लग्नाचे शूटिंग करणाऱ्याकडून दोन दिवस ड्रोन घेतला. हिरवा पडदा आला. बंडी बाद झाली, कारण आता सुपरमॅन खरोखर उडत होता, चौकावरून, जंगलावरून, वाघावरून. मग गंमत कशात? पहिल्या भागात उडता येत नव्हते हीच तर गोष्ट होती. आता ती अडचण मिटली आणि तिच्याबरोबर गोष्टही मिटली. पोरांच्या ते लक्षात आले. "सर, विनोद कमी झाला," असे लेखन गटाने सांगितले. आम्ही म्हणालो, "मग पंक्चरचा सीन पुन्हा घाला. लोकांना तो आवडला होता."

चूक कुठे झाली असे कोणी विचारले, तर बोट ठेवायची जागा हीच. दुसरा भाग काढणारे पहिल्या भागातली वस्तू उचलतात, ती का आवडली होती ते उचलत नाहीत.

पंक्चरचा सीन पुन्हा लिहिला गेला. यावेळी दुकानदार झाला दहावीतला एक नकलाकार मुलगा. कापसाची दाढी, वाकडी टोपी, तोंडात पानाचा बोकणा आणि चुकीची हिंदी. सुपरमॅनची ओढणी पंक्चर व्हावी म्हणून तो आधी स्वतःच हवेत खिळे उडवतो आणि मग दुप्पट पैसे मागतो. सुपरमॅन त्याची चोरी पकडतो आणि त्याला टबात बुडवतो. संहितेची वही आमच्यासमोर आली तेव्हा परीक्षेचे पेपर तपासणे चालू होते. आम्ही ती वाचली. होय, वाचली. 'विनोदी' असा शेरा मारला आणि सही केली.

वाचकहो, 'पंक्चरवाला' हा शब्द आजकाल कोणाला आणि कशासाठी फेकून मारतात, हे तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही. आपल्यातल्या प्रत्येकाने तो कुठे ना कुठे ऐकला आहे. हा नकलेचा साचाही पोरांनी आकाशातून आणलेला नव्हता, मोबाइलवर रोज दिसतो तिथूनच उचलला होता. त्यांच्या डोक्यात काळे काही नव्हते. पण त्यांना थांबवायला तिथे एक मोठा माणूस नेमलेला होता, पगार घेत होता, आणि त्याच्या स्वतःच्या घरात हा शब्द एकदा जेवणाच्या ताटावर रडू आणून गेलेला होता. तरी त्याने 'विनोदी' लिहिले.

संमेलनाच्या रात्री बारा मिनिटांत मंडप एकदाच हसला. त्याच जागी. बाकी ड्रोन, वाघ, स्नायू, सगळे शांततेत गेले. तिसऱ्या रांगेत पंक्चर दुकानदार बसले होते, नवा शर्ट घालून. मागच्या वर्षी लोकांनी त्यांना उभे करून टाळ्या दिल्या होत्या, म्हणून यंदा ते वेळेआधी आले होते. त्यांचा मुलगा विंगेत पडद्याची दोरी धरून उभा होता. आम्ही हसणाऱ्या मंडपाकडे पाहिले, मग तिसऱ्या रांगेकडे पाहिले आणि मग कुठेही पाहिले नाही. सिनेमा संपल्यावर त्या पोराने पडदा नीट ओढला, दोरीची गाठ मारली, आणि आम्हाला विचारले, "सर, खुर्च्या आताच उचलायच्या का सकाळी?"

पुढचे चार दिवस आम्ही आमच्या गाडीत हवा पेट्रोल पंपावर भरली. पंप दीड किलोमीटर लांब आहे. बेगमनी विचारले, "चौकातलं दुकान बंद आहे का?" आम्ही म्हणालो, "नाही." त्या पुढे काही बोलल्या नाहीत. पण पाचव्या दिवशी, जुम्याच्या नमाजेनंतर, आम्ही पायीच दुकानावर गेलो.

ते एका ट्रकचे चाक उघडत होते. स्टूल पुढे सरकवले. आम्ही सरळ म्हणालो, "भाईजान, माफी मागायला आलो. ते माझ्या नजरेखालून गेलं होतं." ('आम्ही' हा मान लिहिण्यापुरता ठीक आहे. माफी मागताना माणूस 'मी'च असतो.)

त्यांनी पाना खाली ठेवला. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आले, चांगलं झालं. मले राग नाही. आमच्या धंद्यावर लोक हसतेत, ते काही नवं नाही. पण मागच्या साली पोट्टा घरी आला तं आठ दिवस सांगे, अब्बा, आपलं दुकान पिक्चरमध्ये आलं. यंदा आला अन् जेवलाच नाही. अम्मीनं विचारलं तं म्हणे, पोट दुखते." थोडे थांबून त्यांनी विचारले, "गुरुजी, मी कधी रस्त्यावर खिळे टाकले का जी?"

या प्रश्नाला उत्तर नसते. आम्ही मान हलवली. वीस वर्षे या चौकातून जाणाऱ्या हजारो चाकांतले खिळे ज्याने काढले, त्याला हा प्रश्न विचारावा लागला, आणि तो आमच्या सहीने विचारावा लागला.

उठताना भिंतीकडे नजर गेली. 'सुपरमॅन, २० रुपये बाकी' ही ओळ पुसलेली होती. ओल्या फडक्याने, चांगली जोर लावून. आम्ही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "त्यानंच पुसली."

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात उभे राहिलो आणि आपली चूक सांगितली. मुख्य पात्र का बदलले, ते खरे कारण सांगितले. संहितेवर सही आमची होती तेही सांगितले. शिक्षकाने वर्गापुढे चूक कबूल केली की शिस्त बिघडते, असे आम्हाला बीएडच्या काळापासून वाटत आले होते. तसे काही झाले नाही. पोरे गप्प बसली होती. मग ठेकेदारांचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मलाही नव्हतं करायचं. मला उडताना चक्कर येत होती. पण अब्बांनी पैसे दिले होते ना." म्हणजे दोन पोरांना आम्ही त्यांच्या जागेवरून हलवले होते, एकाला खाली आणि एकाला वर, आणि दोघांनाही विचारले नव्हते. ज्याने दुकानदाराची नक्कल केली होती तो दहावीचा मुलगा संध्याकाळी स्वतःहून चौकात जाऊन आला. काय बोलला ते त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. शाळेच्या मोबाइलमधून तो तुकडा काढून टाकला. गावात किती मोबाइलवर तो फिरला असेल, ते मात्र आता आपल्या हातात नाही.

आमच्या या भागात झाडीपट्टीची नाटके होतात, ती तुमच्यापैकी विदर्भातल्या वाचकांना ठाऊक आहेतच. दिवाळीनंतर धान कापून रान मोकळे झाले की मंडप पडतात, वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या रात्र-रात्र नाटके करतात. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ते याच मातीतले विनोदी नट. तिथे प्रेक्षक आणि नट यांच्यात फार अंतर नसते. आज जो रंगमंचावर आहे तो उद्या शेजारच्या बांधावर भेटणार असतो. त्यामुळे एक लगाम आपोआप राहतो. तुम्ही ज्याची थट्टा करता तो समोर बसलेला आहे आणि उद्या त्याच्याकडून तुम्हाला बैल मागायचा आहे. मालेगावचेही तसेच होते. शफीक ज्यांच्यासमोर उडत होता ते त्याच्याच मागावरचे लोक होते. आमच्या दुसऱ्या भागात हा धागा तुटला. आम्ही चौकाचा सिनेमा चौकातल्या माणसाशिवाय काढला, आणि मग त्या माणसाला विनोदापुरते परत बोलावले.

आपल्या घरातही दुसरे भाग निघत असतात. थोरल्याला यश मिळाले की धाकट्याकडून तेच हवे असते. एका शादीची मेजवानी गाजली की पुढच्या शादीत तिच्या दुप्पट ताटे लागतात आणि सगळे म्हणतात, "पहिली चांगली होती." पहिल्यांदा जे मनापासून झाले ते दुसऱ्यांदा दाखवण्यासाठी होते. दुसरे काही करूच नये असे आमचे म्हणणे नाही. करण्याआधी एवढेच विचारावे, की पहिले कोणामुळे चांगले झाले होते, आणि ते माणूस अजून आपल्याबरोबर आहे का.

परवा शाळा सुटताना तो मुलगा वऱ्हांड्यात भेटला. आम्ही म्हणालो, "पुढच्या वर्षी तूच सुपरमॅन. नक्की." त्याने मान हलवली, नाही म्हणून. "सुपरमॅन झाला सर. आता नाही." आम्ही गप्प राहिलो. दोन पावले गेल्यावर तो थांबला. "मी लिहितो पुढच्या साली. चालते का?" चालते, असे आम्ही म्हणालो. मग त्याने विचारले, "तुम्ही वाचसान ना पण, नीट?"

वाचू, बेटा. या वेळी नीट वाचू.

भिंतीवरची ती ओळ अजून परत लिहिली गेलेली नाही. जाता-येता आम्ही पाहत असतो.